दुर्बिणीतली उलटी कोर

जळगावला ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात माझं काम मापं तपासण्याचं आहे. नळीच्या भिंतीची जाडी ठरल्यापेक्षा जराशी कमी भरली तरी तो माल मी पुढे जाऊ देत नाही. या सवयीमुळे घरात माझी थट्टा होते. पोळीची जाडीसुद्धा हे मनात मोजत असतील, असं बायको म्हणते. ते पूर्ण खोटं नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका इंजिनिअरची बदली झाली. सामान आवरताना त्याने त्याची दुर्बीण मला देऊन टाकली. सत्तर मिलिमीटर व्यासाचं भिंग, सातशे मिलिमीटर लांबीची नळी आणि एक डुगडुगणारा तिपाई स्टँड. बघणाऱ्याची मान अवघडू नये म्हणून मागे एक छोटा आरसा असतो, तो फुटून गेलेला होता. डोळ्याकडच्या भिंगाला बुरशी लागली होती. ते भिंग मी नवीन आणलं, आरसा मात्र आणला नाही. आरशाशिवाय प्रतिमा उलटी दिसते, वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. आकाशातल्या गोष्टींना वर-खाली नसतंच, तेव्हा चालेल, असा मी विचार केला.

दुर्बीण लांबची वस्तू जवळ आणते, अशी माझीही आधी समजूत होती. हळूहळू कळलं की मोठं करून दाखवणं हे तिचं दुसऱ्या क्रमांकाचं काम आहे. पहिलं काम उजेड गोळा करण्याचं. अंधारात माणसाच्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. माझं भिंग सत्तरचं. व्यास दहापट, म्हणजे क्षेत्रफळ शंभरपट. पन्हाळीचं पाणी घागरीऐवजी हौदात धरावं तसं हे आहे. पुढे वाचनात आलं की पन्नाशीच्या जवळ बाहुली पाच मिलिमीटरच्या वर क्वचितच उघडते. तो हिशेब धरला तर माझ्यासाठी जवळजवळ दोनशेपट. वय वाढल्याने काही गोष्टींत असा फायदाही होतो.

मोठं करण्याचं गणित सोपं आहे. नळीच्या सातशेला डोळ्याकडच्या भिंगाच्या पंचवीसने भागलं की अठ्ठावीस येतात. अठ्ठावीसपट मोठा चंद्र पाहिला की पहिल्यांदा बघणारा गप्प होतो. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा चमकत असतात आणि त्यांच्या सावल्या आत पडलेल्या असतात. तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरवरच्या एका खड्ड्याची सावली आपण आपल्या गच्चीवरून बघतो, ही गोष्ट मला अजूनही सवयीची झालेली नाही.

गच्चीवर शेजारीपाजारी येऊ लागले आणि मला एक वेगळीच अडचण कळली. लोक न दिसताच ‘दिसलं’ म्हणतात. पृथ्वी फिरत असते, त्यामुळे ग्रह चार-पाच मिनिटांत भिंगाच्या कडेबाहेर सरकतो. कुणाचा हात लागला तर लगेच जातो. आत नुसता काळोख असतो आणि माणूस म्हणतो, ‘वा, काय सुंदर.’ एवढ्या हौसेने दाखवणाऱ्याचं मन कसं मोडायचं, हा त्यामागचा भाव. मला तो भाव समजतो, पण माप चुकलेलं मला सोसवत नाही. म्हणून मी एक युक्ती केली. प्रतिमा उलटी दिसते हे मी आधी कुणाला सांगत नाही. बघणारा स्वतःहून म्हणाला, ‘अरे, हा उलटा कसा?’ की समजायचं, याला खरंच दिसलं.

दोन वर्षांपूर्वीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दुर्बीण सासुरवाडीला नेली. सासुरवाडी सोनगीरच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून असलेल्या एका लहान गावात. आमच्या खान्देशात आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. झाडांना झोके बांधतात, घरोघरी आमरस आणि खापरावरची पुरणाची पोळी असते, आणि एरवी पत्त्यांना हात न लावणारी पुरुषमाणसंही त्या दिवसांत उघड्यावर डाव मांडून बसतात. बायको आठ दिवस आधी गेली होती. मी सणाच्या दिवशी गाडीच्या मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेली दुर्बीण घेऊन पोचलो. बायको म्हणाली, जावई आंबे घेऊन येतात, हे तोफ घेऊन आले.

आखाजी म्हणजे वैशाखाची तीज. सूर्य बुडाला की पश्चिमेला बारीक कोर दिसते, आणि आपल्याकडे या दिवसांत ती जवळजवळ आडवी असते, दोन्ही टोकं वर करून. अजून पुरता अंधार झाला नव्हता, तेव्हाच मी घरामागच्या खळ्यात स्टँड लावला. झोक्यावरच्या लेकी आणि आळीतल्या बाया जमल्या. पहिल्यांदा एका शेजारणीने डोळा लावला आणि ती दचकून मागे झाली.

“अय बाई, हाई ते पालथी वाटी शे!”

दुसरीने पाहून मला विचारलं, “जावाईबुवा, तुमना जयगावले चांद उलटा उगस का?”

सगळ्या हसल्या. माझं काम झालं होतं, भिंग नीट लागलेलं होतं. एकामागून एक सगळ्यांनी बघितलं. कुणाला तो पालथा कोयता वाटला, कुणाला झोपडीचं छप्पर. उलटा नाही असं एकीनेही म्हटलं नाही.

सगळ्यात शेवटी सासरे आले. त्यांना सगळं गाव नाना म्हणतं, मीही म्हणतो. सत्तरी ओलांडलेली, पण ताठ. पत्त्यांचा डाव अर्धा टाकून ते केवळ माझ्या मानासाठी आले होते. खाली वाकून त्यांनी डावा डोळा तळहाताने झाकला, उजवा भिंगाला लावला आणि बराच वेळ तसेच थांबले.

“दिसना,” ते म्हणाले. “मस्त दिसना. नावसारखा शे, दोन्ही टोकं वर.”

मी लगेच डोळा लावून पाहिलं. कोर भिंगाच्या बरोबर मध्ये होती. टोकं खाली होती.

मी मोठ्याने म्हणालो की नाना जावयाचा मान राखतायत, त्यांना काही दिसलेलं नाही. सगळे पुन्हा हसले. नानाही हसले. “पाव्हणासमोर नही कसं म्हनू?” असं म्हणून ते डावाकडे परत गेले. तिथे ते हरले, असं जेवताना कळलं.

पुढे गुरू दाखवला, त्याच्या दोन बाजूंना सुईच्या टोकाएवढे त्याचे चंद्र दाखवले. लेकींनी ते मोजले. कुणी तीन म्हणालं, कुणी चार. माझं मात्र लक्ष उडालं होतं. दुर्बिणीतून न दिसण्याची कारणं मला तोंडपाठ आहेत. डोळा भिंगाच्या रेषेत नसतो, किंवा नळी हललेली असते, किंवा भिंग नीट फिरवलेलं नसतं. नळी हलली नव्हती. भिंग थोडं चुकीचं असतं तरी चंद्राचा पिवळा डाग तरी दिसायला हवा होता, आणि तो डागसुद्धा खालीच झुकलेला दिसला असता. अठ्ठावीसपट चंद्र समोर असताना डोळसाला चुकीचं काही दिसत नाही. ज्याला काहीच दिसत नाही, तोच माणूस आठवणीतला चंद्र सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना म्हणाले, चला, वावरात जाऊन येऊ. त्यांची जमीन हमरस्त्याच्या पलीकडे आहे. ते त्यांच्या जुन्या मोटरसायकलवर बसले, मी मागे. जावयाला पुढे बसवून आपण मागे बसणं त्यांना शोभलं नसतं, आणि तसं म्हणणं मलाही शोभलं नसतं. हमरस्ता चौपदरी आहे. गावासमोर दुभाजकात एक फट आहे, तिथून गावकरी पलीकडे जातात. गावाकडून निघालं की आपल्याला लागून असलेल्या बाजूची वाहनं उजवीकडून येतात.

कडेला त्यांनी गाडी हळू केली, मान पूर्ण उजवीकडे वळवली, नंतर डावीकडे, आणि गिअर टाकला. त्यांनी मान सरळ केली त्याच वेळी मला उजवीकडून ट्रक दिसला. वळणावरून नुकताच पुढे आला होता. ट्रक ताशी ऐंशीने असेल तर सेकंदाला बावीस मीटर. आमच्या गाडीला ती बाजू ओलांडायला चार सेकंद तरी हवेत. हा हिशेब मी नंतर केला. त्या वेळी मी फक्त त्यांचे दोन्ही खांदे घट्ट धरून मागे ओढले. गाडी झटका देऊन बंद पडली. ट्रक भोंगा वाजवत गेला आणि त्याच्या वाऱ्याने आमचे सदरे हलले.

“कसाले धरं?” नाना चिडून म्हणाले. मग त्यांना भोंग्याचा आवाज दूर जाताना ऐकू आला आणि ते थांबले.

गाडी कडेला लिंबाखाली लावली. मी त्यांना सरळ विचारलं की उजव्या डोळ्याने किती दिसतं. त्यांनी आधी टाळलं. वय झालं, धूळ असते, चष्मा जुना आहे. मी म्हणालो, काल चंद्र उलटा होता. सगळ्यांना तो उलटा दिसला, फक्त तुम्हाला सुलटा दिसला.

नानांना हसू आलं. “म्हंजे चांदोबानीच मनी चुगली करी.”

मग सगळं सांगितलं. दोनेक वर्षं झाली. आधी धूर आल्यासारखं वाटायचं, आता साय धरल्यासारखं नुसतं पांढरं. डावा चांगला होता, म्हणून भागत होतं. काल सगळ्यांनी उजवा डोळा लावला, आपण डावा लावला तर कुणी विचारेल, म्हणून त्यांनीही उजवाच लावला होता. रस्त्यावर ते मान वळवून आणि कानाने काम चालवत. बैलगाडीच्या काळात कानच कामाला यायचे, म्हणाले. मी म्हणालो की बैलगाडी ऐंशीने येत नव्हती.

कुणालाच का सांगितलं नाही, यावर त्यांचं उत्तर तयार होतं. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. तो दर फोनला म्हणतो की वावर बटाईने, वाट्यावर कसायला द्या आणि दोघं इकडे या. त्याला कळलं की आधी गाडी काढून घेईल.

“गाडी गयी का वावर गयं. वावर गयं का मंग मी आठे काय करू?” आणि थोड्या वेळाने, मला हात न लावता, पण जवळ येऊन, “पोऱ्याले सांगू नका.”

जावयाने सासुरवाडीच्या घरच्या गोष्टीत बोलू नये, हे मी लग्नापासून पाळत आलो आहे. जमीन कुणी करायची, गाडी कुणी चालवायची, हा त्या घराचा प्रश्न होता. पण तो ट्रकही मी पाहिला होता. मी नानांना म्हणालो की मी आपणहून मेव्हण्याला सांगणार नाही. मात्र घरात कुणी मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आणि आज परत जाताना गाडी मी चालवणार.

दुर्बीण मिळाली तेव्हा तिच्यातूनही असंच पांढरं धुरकट दिसत होतं, हे मी त्यांना सांगितलं. पुढचं मोठं भिंग स्वच्छ होतं, उजेड आत येत होता, पण डोळ्याकडच्या लहान भिंगावर बुरशी होती. ते बदललं आणि सगळं साफ झालं. तुमच्या डोळ्यात भिंगच खराब झालं असेल तर तेही बदलता येतं. आतला पडदा खराब असेल तर नाही. मी डॉक्टर नाही, यातलं कोणतं आहे ते मला माहीत नाही. ते पाहिल्याशिवाय कुणालाच कळणार नाही. नाना एवढंच म्हणाले की पाहिलं आणि बदलता येणार नाही असं निघालं तर? न पाहता निदान बदलता येईल ही आशा तरी राहते. तपासणीला ते घाबरत होते ते यासाठी, हे मला तेव्हा समजलं. या भीतीला माझ्याजवळ आकडा नव्हता.

वावरात आम्ही चालतच गेलो. रिकामं, नांगरून ठेवलेलं होतं. परत येताना मी गाडी चालवली आणि नाना मागे बसले. मारुतीच्या पारावर कालचा डाव पुढे चालू होता. एकाने हाक मारली, “काय नाना, आज जावाईना मांगे बठनात?”

“पाव्हणाले हौस शे गाडी चालाडानी,” नाना म्हणाले. आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी मान खाली घातली होती.

घरी आल्यावर बायकोने मला खोलीत घेतलं आणि विचारलं की नानांना काय झालंय, ते तुमच्या मागे बसून कसे आले. मी म्हणालो, मला विचारलंस तर सांगावं लागेल, म्हणून त्यांनाच विचार. ती थेट ओसरीवर गेली. नाना तिला टाळू शकत नाहीत. त्यांनी चार वाक्यांत सांगून टाकलं.

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांना आम्ही अक्का म्हणतो. बायको रडवेली होऊन त्यांना सांगायला गेली, तर त्यांनी परातीतून मान वर न करता म्हटलं, “माले काय सांगस? मी कवयपाईन त्यासनं पानी डावीकडे ठेवस.” उजवीकडे ठेवलेला तांब्या नानांच्या हाताने लवंडतो, हे त्यांनी केव्हाच पाहिलं होतं आणि तांब्याची जागा बदलली होती. नाना ते ऐकून उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. आपण जे लपवत होतो ते एक माणूस रोज सांभाळत होतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. माझ्याच गाडीने. मोतीबिंदू पूर्ण पिकला होता. त्यातून पडदा दिसत नव्हता, म्हणून डॉक्टरांनी डोळ्याची सोनोग्राफी केली. पडदा जागेवर होता. किती दिसेल याची हमी त्यांनी दिली नाही, चांगली आशा आहे एवढंच सांगितलं. डाव्यातही सुरुवात होती. ऑपरेशन होऊन पुन्हा तपासणी होईपर्यंत दुचाकी बंद, हे त्यांनी सांगितलं तेव्हा नानांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे मीच त्यांच्या कानात सांगितलं होतं.

पेरणी झाल्यावर करू, असं नाना म्हणत होते. बायको म्हणाली, पेरणीला तुम्ही रस्ता ओलांडणार कसे? त्या प्रश्नाने तारीख ठरली. पुण्याला फोन त्यांनी स्वतः लावला. मेव्हण्याने बटाईचं काढलंच, पण ऑपरेशनला तो चार दिवस येऊन राहिला, आणि त्या चार दिवसांत जमिनीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

मी पुन्हा गेलो तो पेरणीच्या तोंडावर. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा निघाला होता. नाना म्हणाले, वावरात जाऊ, आणि पायीच निघाले. मोटरसायकल ओसरीवर होती, तिच्यावर पोतं टाकलेलं. गावात ती चालवतात, पण रस्ता ओलांडायला ती न्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. डॉक्टरांनी परवानगी दिली होती आणि मुलानेही हट्ट सोडला होता. पण हा निर्णय त्यांना दोघांच्याही सांगण्यावरून घ्यायचा नव्हता. पोऱ्या म्हणाला म्हणून नाही, रस्त्यावर न्यायचं मीच बंद केलं, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

हमरस्त्याच्या कडेला ते उभे राहिले. डावा डोळा मिटला आणि उजवीकडे बघू लागले. एक ट्रक येताना दिसला. “एम. पी.,” ते म्हणाले. ट्रक जवळ आला तेव्हा मला पाटी वाचता आली. बरोबर होतं. मग एक गुजरातचा टँकर, मग धुळ्याचीच एक जीप. जीपचे आकडे त्यांनी पूर्ण वाचले आणि माझ्याकडे पाहिलं, तपासा म्हणून. मी मान हलवली.

गाड्या येतच होत्या. मी दोनदा म्हणालो की आता जागा आहे, निघू या. नाना हलले नाहीत. उजवीकडचा रस्ता वळणापर्यंत रिकामा झाला, तेव्हा त्यांनी पाऊल टाकलं, आणि मी त्यांच्या मागे गेलो.